रेल्वे नवी होते म्हणजे नेमकं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी गाडी सुरू झाली की बातमी होते. तिच्या खालचा रूळ, वरची तार आणि पुढचा सिग्नल बदलला की फक्त ब्लॉकची सूचना येते. इथले प्रश्न प्रवासी, विद्यार्थी आणि रेल्वेप्रेमी पुन्हा पुन्हा विचारतात ते आहेत. उदाहरणं शक्यतो महाराष्ट्रातल्या मार्गांवरची घेतली आहेत.

वंदे भारत ताशी १८० किमीची गाडी आहे, तर मुंबई–सोलापूरला साडेसहा तास का लागतात?

१८० हा गाडीचा वेग आहे, मार्गाचा नाही. मुंबई ते सोलापूर सुमारे ४५५ किमी आहे, म्हणजे सरासरी ७० च्या आसपास पडते. कल्याणपर्यंत तिला लोकलच्या गर्दीतून वाट काढावी लागते. पुढे कर्जत–लोणावळा हा भोर घाट १ इन ३७ चढाचा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. इंजिनाच्या गाड्यांना इथे मागून धक्का द्यायला बँकर इंजिनं जोडतात आणि त्यासाठी कर्जतला थांबतात. वंदे भारतच्या निम्म्या डब्यांखाली मोटरी असल्याने तिला बँकर लागत नाही. ही बचत खरी आहे. पण घाटातली वळणं तिच्यासाठी सरळ होत नाहीत.

वळणावरच्या वेगाचा हिशेब साधा आहे. वळणाची त्रिज्या ८७५ मीटर असेल, बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा १०० मिमी उंच असेल आणि त्या वेगाला लागणाऱ्या उंचीत आणखी ७५ मिमीची तूट चालवून घेतली, तर वेग ताशी १०५ किमीच्या आसपास येतो. गाडी कितीही नवी आणली तरी हा आकडा हलत नाही. तो वाढवायचा तर वळण सैल करावं लागतं, म्हणजे जमीन घ्यावी लागते.

उरलेला वेळ सांध्यांवर जातो, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी. १ इन १२ च्या जुन्या सांध्यावरून लूप लाइनीत (स्थानकातल्या बाजूच्या मार्गात) शिरताना ताशी ३० किमीची मर्यादा असते. जाड वेबचे (रुळाच्या मधल्या उभ्या भागाचे) नवे स्विच, म्हणजे सांध्यातले हलणारे रूळ, बसवले की ती ५० करता येते. दिसायला किरकोळ बदल आहे, पण तो मार्गावरच्या प्रत्येक स्थानकात झाला की वेळापत्रकात मिनिटं सुटतात. १३० वरून १६० वर जाण्यासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा ३० च्या जागा ५० करण्याचा खर्च अनेक मार्गांवर जास्त वसूल होतो.

रूळ बदलले म्हणजे नक्की काय काय बदललं?

रूळ हा त्यातला एकच भाग आहे. आजची मुख्य मार्गांवरची मांडणी खालून वर अशी असते: मातीचा भराव, त्यावर ३०० ते ३५० मिमी खडी, त्यावर पूर्वताणित काँक्रीटचे स्लीपर, रबराचं पॅड, मग ६० किलोचा रूळ आणि तो धरून ठेवणारी क्लिप. ६० किलो म्हणजे एक मीटर रुळाचं वजन.

एका किलोमीटरचा हिशेब असा. स्लीपर ६० सेंमी अंतराने, म्हणजे १६६०. प्रत्येकावर दोन रूळ, म्हणून रबर पॅड ३३२०. प्रत्येक रुळाला दोन्ही बाजूंनी क्लिप, म्हणून क्लिपा ६६४० आणि तितकेच लायनर. दोन्ही रूळ मिळून १२० टन पोलाद. एक स्लीपर पावणेतीनशे किलोच्या घरात जातो, त्यामुळे हे काम हाताने होत नाही. त्याला यंत्रांचा ताफा लागतो.

रूळ कारखान्यातूनच लांब येतात. भिलाईच्या पोलाद कारखान्यात १३० मीटरचे रूळ निघतात आणि तिथेच जोडून २६० मीटरचे पॅनेल रवाना होतात. पूर्वीच्या १३ मीटरच्या रुळाशी तुलना केली तर रुळांचे जोड किती कमी झाले ते कळतं. 'खडाड-खट्' हा आवाज मुख्य मार्गांवरून जवळपास गेला तो त्यामुळेच.

खडीकडे कोणी पाहत नाही, पण मार्गाचं आयुष्य तीच ठरवते. खडी ६५ ते २० मिमी आकाराची, धारदार कडांची हवी. गोल झालेले दगड एकमेकांत अडकत नाहीत. दगडांची भुकटी, कोळशाची धूळ आणि चिखल साचला की पाण्याचा निचरा थांबतो. मग गाडी गेली की स्लीपरखालून चिखल वर फेकला जातो. असा पांढुरका, चिकट पट्टा दिसला की तिथे कितीही वेळा पॅकिंग करा (स्लीपरखाली खडी कोंबा), पातळी टिकत नाही. खडी उकरून, चाळून, नवी भर घालून परत टाकणं हाच उपाय.

रुळाला फट न ठेवता शेकडो मीटर जोडतात, तर उन्हाळ्यात तो वाढत नाही का?

वाढायला बघतो, पण त्याला वाढू दिलं जात नाही. १ किमी रूळ मोकळा असता, तर तापमान ३० अंशांनी चढल्यावर तो साधारण ३४५ मिमी लांब झाला असता. क्लिपा, स्लीपर आणि खडी त्याला जागेवर धरून ठेवतात, म्हणून ही सगळी वाढ दाबाच्या रूपात रुळातच कोंडली जाते. ६० किलोच्या एका रुळात हा दाब ३० अंशांना सुमारे ५७ टन होतो, दोन्ही रुळांत मिळून ११४ टन. हवेचं तापमान ४२ असताना उन्हातला रूळ साठीच्या पुढे जातो.

म्हणून रूळ बसवताना 'तणावमुक्त तापमान' ठरवतात. त्या तापमानाला रुळात ताणही नसतो आणि दाबही नसतो. काम कसं होतं ते पाहा. ब्लॉक मिळाला की रूळ ठरलेल्या जागी कापतात. सगळ्या क्लिपा काढतात. दर पंधराव्या स्लीपरवर रूळ उचलून खाली रोलर ठेवतात आणि लाकडी मोगऱ्यांनी ठोकत जातात, म्हणजे अडकलेला ताण सुटतो. रूळ हवा तेवढा तापलेला नसेल, तर हायड्रॉलिक टेन्सरने तो हिशेबाप्रमाणे ओढतात. मग रोलर काढून क्लिपा बसवतात आणि कापलेली फट वेल्ड करतात.

चूक बहुतेक वेळा नंतर होते. हिवाळ्यात तडा गेला म्हणून तातडीने रुळाचा तुकडा घालतात आणि फट भरून निघते. पण तेवढी लांबी आता रुळात जास्त असते, म्हणजे तणावमुक्त तापमान खाली आलेलं असतं. तो भाग पुन्हा तणावमुक्त केला नाही, तर पुढच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता रूळ तिथेच बाजूला सरकतो. स्लीपरच्या टोकाबाहेरची (खांद्याची) खडी कोणी उकरून नेलेली असेल तर आधीच सरकतो. उन्हाळ्यातल्या दुपारी ट्रॅकमन पायी गस्त घालताना दिसतात ते याचसाठी, आणि थंडीतल्या पहाटेची गस्त तडे शोधण्यासाठी.

वेल्डच्या जागी दोन्ही बाजूंना फुगीर पट्ट्या का आवळलेल्या असतात?

जागेवर केलेला वेल्ड थर्मिटचा असतो. दोन रुळांत २५ मिमी फट ठेवतात, साचा बांधतात, टोकं तापवतात आणि वितळलेलं पोलाद ओततात. थंड झाल्यावर डोकं घासून सारखं करतात. तापवणं कमी पडलं, साचा ओलसर असला किंवा फट कमीजास्त झाली, तर आत पोकळी राहते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. अल्ट्रासोनिक यंत्राने तपासून वेल्ड पास होईपर्यंत मधोमध फुगवटा असलेल्या फिशप्लेट क्लॅम्पने आवळून ठेवतात. वेल्ड तुटलाच तर रूळ त्या सांभाळतात. क्लॅम्प सैल दिसला तर तो गंभीर प्रकार समजावा.

दर रविवारी मेगाब्लॉक, तरी काम संपत कसं नाही?

तीन तासांचा ब्लॉक म्हणजे तीन तास काम असं होत नाही. शेवटची गाडी पुढे गेल्यावर ओव्हरहेड तारेतला प्रवाह बंद करायला सांगावं लागतं. तो बंद झाल्यावरही कामाच्या दोन्ही बाजूंना तार अर्थ करावी (जमिनीशी जोडावी) लागते, कारण शेजारच्या चालू मार्गामुळे बंद तारेतही जीव घेण्याइतका विजेचा दाब येतो. मग यंत्र साइडिंगमधून कामाच्या जागी जातं. शेवटी हेच सगळं उलट्या क्रमाने. हाती दोन तास उरतात. खडी चाळण्याचं यंत्र तासाला दोनशे मीटरच्या आतच पुढे सरकतं, म्हणजे एका ब्लॉकमध्ये फार तर चारशे मीटर. यंत्र वीस मिनिटं उशिरा निघालं तर ती वीस मिनिटं कामातूनच जातात, ब्लॉक वाढत नाही.

मोठी कामं म्हणूनच सलग घ्यावी लागतात. ठाणे–दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये ७२ तासांचा ब्लॉक होता. मे-जून २०२४ मध्ये ठाण्याला फलाट ५ रुंद करण्यासाठी ६३ तासांचा आणि त्याच वेळी सीएसएमटीला २४ डब्यांच्या गाड्यांसाठी फलाट वाढवायला ३६ तासांचा. लोकांचे हाल झाले हे खरं आहे. पण तीच कामं तीन-तीन तासांच्या तुकड्यांत केली असती, तर महिनोन्महिने दर रात्री अर्धवट काम बंद करून गाड्या सोडाव्या लागल्या असत्या, आणि अर्धवट सोडलेला सांधा हा सगळ्यांत धोक्याचा. आधुनिकीकरणाला पैशांइतकीच मोकळ्या रुळाची टंचाई आहे, आणि ती अर्थसंकल्पात दिसत नाही.

काम झाल्यावरही त्या ठिकाणी गाडी रांगत का जाते?

नव्याने टाकलेली खडी सैल असते. टॅम्पिंग यंत्र लोखंडी फाळांनी स्लीपरखाली खडी कोंबतं, स्टॅबिलायझर रूळ हलवून-दाबून ती बसवतो. त्याची एक फेरी म्हणजे सुमारे लाखभर टन वाहतूक गेल्यासारखं मानतात. तरीही वेग एकदम देत नाहीत. आधी २०-३०, मग पॅकिंगच्या प्रत्येक फेरीनंतर थोडा जास्त. यंत्रं वेळेवर मिळाली तर दहा दिवसांच्या आसपास पूर्ण वेग मिळतो, नाहीतर दुप्पट वेळ लागतो.

मुंबईत १५०० व्होल्ट डीसी चालतच होतं. ते २५,००० व्होल्ट एसी का केलं?

देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर–कुर्ला धावली, ती १५०० व्होल्टवर. समजा गाडीला ३ मेगावॅट हवेत. १५०० व्होल्टला त्यासाठी २००० अँपिअर लागतात, २५,००० ला फक्त १२०. प्रवाह जास्त म्हणजे जाड तांबं, जास्त गळती आणि थोड्या-थोड्या अंतरावर सबस्टेशन. १५ डब्यांच्या लोकल आणि वाढत्या फेऱ्या त्या जुन्या व्यवस्थेला झेपणाऱ्या नव्हत्या.

पश्चिम रेल्वेचा बदल २०१२ मध्ये पुरा झाला, मध्यचा मुख्य मार्ग २०१५ मध्ये, हार्बर २०१६ मध्ये. इतकी वर्षं का लागली? २५,००० व्होल्टच्या तारेला पुलापासून जास्त अंतर लागतं आणि मुंबईतले जुने पूल बुटके होते. कुठे पूल उचलले, कुठे रूळ खाली घेतले. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडावा लागला. दुसरी अडचण सिग्नलची होती. डीसी भागात गाडी रुळावर आहे की नाही हे ओळखणारे ट्रॅक सर्किट ५० हर्ट्झवर चालत. गाडीचीच वीज ५० हर्ट्झ झाल्यावर दोन्ही एकमेकांत मिसळण्याचा धोका होता, म्हणून सगळे सर्किट बदलावे लागले. शिवाय संक्रमणाच्या काळात दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल लागल्या.

ओव्हरहेड वायर तुटते कशी?

बहुतेक वेळा दोष एकट्या तारेत नसतो, पेंटोग्राफ (गाडीच्या छतावरची, तारेतून वीज घेणारी चौकट) आणि तार यांच्या भेटीत असतो. स्पर्शतार १०७ चौरस मिमी तांब्याची, जमिनीपासून साडेपाच मीटरच्या वर. तिच्यावर आधाराची तार. सरळ मार्गावर स्पर्शतार मुद्दाम नागमोडी असते, मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना २०० मिमीपर्यंत. ती सरळ ठेवली तर पेंटोग्राफची कार्बन पट्टी एकाच जागी झिजून खाच पडेल.

खाच पडलेली किंवा तुटकी पट्टी ड्रॉपरमध्ये (आधाराच्या तारेपासून स्पर्शतार टांगणाऱ्या तारांत) अडकते आणि गाडी थांबेपर्यंत शेकडो मीटर तार ओरबाडते. उन्हात तार ढिली पडू नये म्हणून टोकाला कप्पीवर वजनं लटकवलेली असतात. कप्पी गंजून अडकली की दुपारी तार झोळ घेते. पावसात झाडाची फांदी, संक्रांतीला मांजा, पक्ष्यांच्या घरट्यातल्या तारा ही बाकीची कारणं.

एलएचबी डबे सुरक्षित म्हणतात, मग गचके का बसतात?

एलएचबी हे जर्मन आराखड्यावरचे नवे डबे. जुन्या आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या आराखड्याच्या) डब्यांची जोडणी स्क्रूची आणि बाजूला बफर. अपघातात एक डबा दुसऱ्यावर चढायचा. एलएचबीची मधली जोडणी घट्ट धरते, डबे एकमेकांवर चढू देत नाही. शिवाय डिस्क ब्रेक आणि १६० पर्यंतची क्षमता. आयसीएफ पद्धतीचे डबे बनवणं २०१८ मध्ये थांबलं. गचक्याचं कारण जोडणीतल्या धक्काशोषकाच्या मोकळ्या हालचालीत आहे. इंजिन सुरू होताना ती फट एकेका डब्यात मिटत जाते. सुधारित धक्काशोषकांनी हे बरंच कमी झालंय. उरलेलं लोको पायलटच्या हातात असतं.

जनरेटरचे डबे गेले, तर एसीला वीज कुठून येते?

इंजिनातून. पेंटोग्राफने घेतलेल्या विजेतूनच ७५० व्होल्टचा पुरवठा डब्यांना देतात. एक जनरेटर डबा राखीव म्हणून राहतो, दुसऱ्याच्या जागी प्रवासी बसतात.

'कवच' बसवलं की अपघात थांबतील का?

कवच ही वेळ पडल्यास स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. तिने ठरावीक प्रकारचे थांबतील: लाल सिग्नल ओलांडणं, मर्यादेपेक्षा जास्त वेग, समोरासमोर किंवा मागून धडक. सगळे नाही.

त्याचे भाग असे: स्थानकात एक संच, इंजिनात एक संच, स्लीपरवर बसवलेले आरएफआयडी टॅग (रेडिओने वाचता येणाऱ्या ओळखचिठ्ठ्या), रेडिओसाठी टॉवर आणि सगळ्यांना जोडणारी ऑप्टिकल फायबर. इंजिन टॅगवरून गेलं की स्वतःची जागा ओळखतं, पुढचा सिग्नल रेडिओवरून घेतं आणि किती अंतरात थांबता येईल हे सतत मोजतं. लोको पायलटने ब्रेक लावला नाही तर यंत्रणा लावते. ४ मार्च २०२२ ला दक्षिण मध्य रेल्वेवर दोन इंजिनं समोरासमोर आणून चाचणी झाली, तेव्हा इंजिन सुमारे ३८० मीटर आधी आपोआप थांबलं. त्याच रेल्वेच्या कामात मनमाड–मुदखेड आणि परभणी–परळी वैजनाथ हे मराठवाड्यातले मार्गही होते. ४.० आवृत्तीला जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

दोन मर्यादा मात्र नीट समजून घ्याव्यात. पहिली, मार्गावर कवच आहे पण इंजिनात नाही, किंवा उलट, तर संरक्षण शून्य. दुसरी, कवच सिग्नलवर विश्वास ठेवतं. २ जून २०२३ ला बालासोरजवळ बाहानगा बाजारला गाडीला हिरवा सिग्नल होता आणि सांधा लूपकडे लागलेला होता, कारण सिग्नलच्या वायरिंगमध्ये बदल करताना चूक झाली होती. अशा ठिकाणी उत्तर आहे ते बदलानंतरच्या काटेकोर चाचणीत. तुटलेला रूळही कवचाला दिसत नाही.

स्थानकात 'नॉन-इंटरलॉकिंग'चं काम म्हणजे काय? इतक्या गाड्या रद्द का होतात?

जुनी सिग्नल यंत्रणा काढून नवी जोडायची, त्या मधल्या काळात सांधा आणि सिग्नल यांचं एकमेकांशी असलेलं कुलूप नसतं. केबल टाकणं, पॉइंट मशीन (सांधा फिरवणारं यंत्र) बसवणं, कारखान्यातली चाचणी हे आधीच उरकतात. मग ठरलेल्या दिवसांत सांधे हाताने फिरवून क्लॅम्प आणि टाळं लावतात आणि प्रत्येक गाडी लेखी परवान्यावर हळू सोडतात. एरवी सेकंदात होणाऱ्या कामाला दहा मिनिटं लागतात, म्हणून गाड्या कमी कराव्याच लागतात. इथे घाई करून चाचणीचे तक्ते वाचवणं हा थेट जिवाशी खेळ आहे.

कोकण रेल्वे विजेवर आली, तरी गाड्या क्रॉसिंगला का थांबतात?

वीज आली, दुसरा रूळ आला नाही. रोहा ते ठोकूर हा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाला, विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये संपलं. नव्वदहून अधिक बोगद्यांतला डिझेलचा धूर गेला, हा मोठा फायदा. पण दुहेरीकरण २०२१ मध्ये रोहा–वीर एवढ्याच भागात झालं. पुढे सह्याद्रीत दुसरा बोगदा खणण्याचा खर्च प्रचंड आहे. म्हणून कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे अशी मधली क्रॉसिंग स्थानकं वाढवली. दोन स्थानकांतलं अंतर कमी झालं की समोरच्या गाडीची वाट पाहण्याचा वेळ घटतो. पावसाळ्यात जोरदार सरींमध्ये वेग ४० वर येतो. तो दरडींमुळे आहे आणि तसाच राहायला हवा.

मालगाड्यांसाठी वेगळा मार्ग कशाला?

एकाच रुळावर १३० ची गाडी आणि ६० ची मालगाडी चालली की मालगाडी दर दोन-तीन स्थानकांना बाजूला काढावी लागते. पश्चिम मालवाहतूक मार्ग जेएनपीटी (न्हावाशेवा बंदर) ते दिल्लीजवळचं दादरी, सुमारे १५०० किमी. त्यावर कंटेनर दोन मजली जातात, म्हणून तार साडेसात मीटर उंच आहे. जुन्या मार्गावर रिकामी होणारी जागा हा प्रवाशांचा वाटा.

बुलेट ट्रेन याच रुळांवरून जाईल का?

नाही. मुंबई–अहमदाबाद ५०८ किमीचा मार्ग १४३५ मिमी गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), खडीविना काँक्रीटच्या स्लॅबवर आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी.

गाडी मधेच थांबली, काही धोकादायक दिसलं, तर जागा कशी सांगायची?

विजेच्या खांबावरची पाटी वाचा. वर किलोमीटर आणि खाली त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ वर ५३, खाली १२. १३९ वर फोन करून गाडी क्रमांक, मागचं स्थानक आणि हे दोन आकडे सांगितले, की नियंत्रण कक्षाला काही मीटरच्या फरकाने जागा कळते. तार खाली लोंबत असेल तर ती बंद आहे असं समजू नका. बाहेर असाल तर निदान दोन-तीन खांबांच्या अंतराइतकं लांब थांबा, डब्यात असाल तर उतरू नका.